खुर्चीच्या पाठीवरचा डाग

अमेरिकेत डेट्रॉइट शहराला लागून डिअरबॉर्न नावाचं गाव आहे. मोटारवाल्या हेन्री फोर्डने तिथे उभारलेल्या संग्रहालयात काचेआड एक झुलती खुर्ची ठेवली आहे. अक्रोडाचं लाकूड, तांबडं कापड, उंच पाठ, आणि त्या पाठीवर बरोबर डोकं टेकतं त्या उंचीला एक गडद डाग. १४ एप्रिल १८६५च्या रात्री अब्राहम लिंकन याच खुर्चीत बसले होते, आणि मागून आलेल्या माणसाने त्यांच्या डोक्यात गोळी झाडली. एवढं ठाऊक असलेला माणूस काचेसमोर उभा राहिला की त्याची नजर पहिल्यांदा डागावर जाते. तो डाग कशाचा, हे त्याने मनाशी ठरवूनही टाकलेलं असतं.

डाग केसांच्या तेलाचा आहे. संग्रहालयही तेच सांगतं. पण या माहितीची खरी गंमत ती आली कुठून यात आहे. ती १८६५ सालीच, खुनाच्या खटल्यात, शपथेवर सांगितली गेली होती. आणि सांगणारा, विचारणारा, लिहून घेणारा यांपैकी कोणालाही त्या वेळी डागाशी काही देणंघेणं नव्हतं.

खटला लष्करी आयोगापुढे मे आणि जून महिन्यांत वॉशिंग्टनमध्ये चालला. मारेकरी जॉन विल्क्स बूथ २६ एप्रिललाच मारला गेला होता. आरोपी होते आठ, त्याचे खरे किंवा कथित साथीदार. साक्षी लघुलिपीत उतरवून घेण्याची जबाबदारी बेन पिटमनकडे होती. आपल्याकडच्या टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासांत ज्याच्या लिपीवर पिढ्यान्‌पिढ्या बोटं झिजली, त्या आयझॅक पिटमनचा हा धाकटा भाऊ. त्याने संकलित केलेला वृत्तांत त्याच वर्षी सिनसिनाटीत छापून निघाला. तो वापरताना एक पथ्य पाळावं लागतं: पिटमनने बऱ्याच ठिकाणी वकिलांचे प्रश्न गाळले आहेत आणि उत्तरं सलग जोडून साक्षीदार जणू आपणहून बोलतो आहे अशी मांडली आहेत. प्रश्नोत्तरांसकट छापलेली आवृत्तीही आहे. ती बेन पर्ली पूर या पत्रकाराने बोस्टनहून काढली. दोन्ही शेजारी ठेवली की साक्षीदार कुठे स्वतःहून बोलला आणि कुठे त्याला बोलतं केलं गेलं हे कळतं. जाता जाता सांगायला हरकत नाही की हाच बेन पिटमन पुढे सिनसिनाटीत लाकडावरच्या कोरीव कामाचा गुरू झाला, आणि त्याच्या घरच्यांनी मिळून घडवलेला पलंग तिथल्या कलासंग्रहालयात आहे. खुर्चीबद्दलच्या साक्षी लिहून घेताना त्याची लाकडावरची नजर जागी झाली होती का, हे मात्र कागद सांगत नाहीत.

आता त्या दिवसाकडे. १४ एप्रिल, गुड फ्रायडे. ज्या फोर्ड थिएटरमध्ये रात्री ती गोळी झाडली गेली, त्याचा मालक जॉन फोर्ड रिचमंडला गेलेला. मागे दोन धाकटे भाऊ: जेम्स व्यवस्थापन पाहायचा आणि हॅरी गल्ला. (या फोर्डांचा मोटारवाल्या फोर्डशी नात्याचा संबंध नाही, नावांचा हा योगायोग पुढेही घोळ घालतो, म्हणून इथेच सांगून ठेवलेलं बरं.) जेम्सच्या साक्षीप्रमाणे सकाळी साडेदहाच्या सुमारास राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाहून एक तरुण निरोप्या आला आणि रात्रीसाठी बॉक्स राखून गेला. जनरल ग्रँटही सोबत येणार होते. ते आले नाहीत, त्यांच्याऐवजी मेजर हेन्री रॅथबोन आणि त्याची वाग्दत्त वधू क्लॅरा हॅरिस आली. पण सकाळी हे कोणाला माहीत नव्हतं. थिएटरवाल्यांच्या दृष्टीने राष्ट्राध्यक्ष आणि युद्ध जिंकलेला सेनापती एकाच रात्री येणार होते.

मग धावपळ सुरू झाली. सात आणि आठ क्रमांकांच्या दोन बॉक्समधली फळी काढून एकच मोठा बॉक्स करायचा. झेंडे लावायचे. आत बसायला बरं सामान आणायचं. हॅरीने सांगितलं ते असं: एक खुर्ची रंगमंचाच्या सामानातून घेतली, सोफा आणि काही खुर्च्या पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीतून आणल्या, आणि त्याच संचातली झुलती खुर्ची आपल्या झोपायच्या खोलीतून मागवली. ती झोपायच्या खोलीत कशी गेली? मुळात तीही बैठकीच्याच खोलीत होती. पण प्रेक्षकांना जागा दाखवणारे थिएटरचे नोकर काम नसलं की तिच्यात बसायचे, डोकं मागे टेकायचे, आणि त्यांच्या केसांच्या तेलाने पाठ मळून गेली. खुर्ची चांगली होती, वाया जायला नको, म्हणून हॅरीने ती उचलून आपल्या खोलीत नेली. त्या दिवशी परत आणली ती एवढ्याचसाठी की ती त्या संचाचा भाग होती आणि बॉक्स नीटनेटका दिसायला हवा होता. जो सिम्स नावाच्या कृष्णवर्णीय कामगाराने आपल्या साक्षीत याला दुजोरा दिला: हॅरीसाहेबांनी सांगितलं, माझ्या खोलीत जा, झुलती खुर्ची घे, राष्ट्राध्यक्षांच्या बॉक्समध्ये नेऊन ठेव.

देशाच्या प्रमुखाच्या खुनाचा खटला, आणि आयोग खुर्चीला तेल कोणी लावलं हे ऐकत बसलाय! पण त्यामागे कारण होतं, आणि ते हलकं नव्हतं. बॉक्सच्या दारात एक भोक पाडलेलं सापडलं होतं. दार उघडून आत पाऊल टाकलं की ही खुर्ची अगदी जवळ. प्रेक्षकांना लिंकन पडद्याआड जेमतेम दिसत होते, मारेकऱ्याला मात्र त्यांचं डोकं समोरच. हे नुसतं नशीब की थिएटरातल्याच कोणी खुर्ची मुद्दाम तिथे लावली? एडमन स्पँग्लर हा पडदे-देखावे हलवणारा कामगार आरोपींमध्ये होता, आणि फळी काढायला त्याचे हात लागले होते. खुर्चीची जागा कोणी ठरवली, या प्रश्नावर त्याची मान अडकली होती. मालक जॉन फोर्डलाही ३९ दिवस तुरुंगात काढावे लागले; भाऊही सुटले नाहीत.

खुर्चीच्या जागेचं उत्तर थिएटरच्या डागडुजीचं काम पाहणाऱ्या थॉमस रेबोल्डने दिलं, आणि ते सुतारकामाचं उत्तर आहे. झुलत्या खुर्चीच्या पायांखाली दोन वाकड्या पट्ट्या असतात आणि त्या मागे पुढे बाहेर आलेल्या असतात. बॉक्स लहान, माणसं चार, त्यात सोफा. ती मधे ठेवली की येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात पट्ट्या येणार. फळी काढल्यावर डाव्या हाताला कठड्यापाशी एक तिकोनी कोपरा निघत होता. पट्ट्या त्या कोपऱ्यात नेमक्या मावायच्या. म्हणून खुर्ची तिथे, दुसरं काही कारण नाही. एखाद्या जुन्या फर्निचरच्या दुकानात आजही हेच ऐकू येईल: झुलत्या खुर्चीला साध्या खुर्चीपेक्षा जवळजवळ दुप्पट जागा लागते, ती कोपऱ्यातच बरी.

या साक्षी कितपत मानायच्या? सगळे जण स्वतःची कातडी वाचवत होते, हे विसरून चालणार नाही. रेबोल्डने जागेचं कारण सांगितलं त्यात त्याचा आणि थिएटरचा स्वार्थ उघड आहे. आयोगाने स्पँग्लरला फाशीतून वगळून सहा वर्षांची शिक्षा दिली, आणि १८६९ मध्ये त्याला माफी मिळाली. यावरून ठेवणीमागचा कट सिद्ध झाला नाही एवढं म्हणता येतं, त्याहून जास्त नाही. पण तेलाची गोष्ट वेगळ्या जातीची आहे. तिने कोणी सुटत नव्हतं की अडकत नव्हतं. खुर्ची आपल्या खोलीत का होती हे सांगताना हॅरीच्या तोंडून ती ओघात गेली. खोटं बोलायचंच झालं तर माणूस काहीतरी भारदस्त बोलेल. नोकरांच्या तेलकट डोक्यांची तक्रार कशाला रचेल? इतिहासाच्या साधनांत मला अशा ओघात आलेल्या वाक्याची किंमत नेहमी जास्त वाटत आली आहे. साक्षीदार ज्या मुद्द्यावर सावध असतो तिथे त्याला तपासावं लागतं. जिथे तो सावध नसतो तिथे निदान कान द्यावा.

तेलाचं प्रमाण त्या काळी कमी नव्हतं. पुरुष केसांना माकासर तेल नाहीतर अस्वलाची चरबी चोपडत. त्यापासून कापड वाचवायला घरोघर खुर्चीच्या पाठीवर क्रोशाचा रुमाल टाकायची पद्धत पडली. आपल्याही जुन्या दिवाणखान्यांत ती होती. फोर्ड थिएटरच्या बैठकीत असा रुमाल असता तर खुर्ची हॅरीच्या खोलीत गेलीच नसती.

मग रक्ताचं काय? त्याबद्दल दोन कागद महत्त्वाचे आहेत, आणि ते एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. पहिला डॉ. चार्ल्स लील यांचा अहवाल. लील तेव्हा २३ वर्षांचे, नुकतेच डॉक्टर झालेले, त्या रात्री प्रेक्षकांत होते आणि बॉक्समध्ये पोचलेले पहिले वैद्य तेच. त्यांच्या अहवालाची लेखनिकाने केलेली नक्कल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सर्जन जनरलच्या कागदांत पडून होती. ती लिंकन यांचे कागदपत्र धुंडाळणाऱ्या एका अभ्यासिकेच्या हाती २०१२ साली लागली. लील सांगतात की लिंकन खुर्चीतच होते, आणि पत्नीने त्यांना सावरून धरलं होतं. नाडी लागत नव्हती. त्यांना खुर्चीतून काढून जमिनीवर आडवं करताना लील यांच्या हाताला डाव्या खांद्यापाशी गोठलेलं रक्त लागलं. बूथच्या हातात सुरी चमकताना त्यांनी पाहिली होती, म्हणून आधी त्यांना वाटलं वार खांद्यावर झाला आहे. गोळीची जखम नंतर डोक्यामागे चाचपडताना सापडली.

दुसरा कागद म्हणजे क्लॅरा हॅरिसने २५ एप्रिलला मैत्रिणीला लिहिलेलं पत्र. बूथने पळताना रॅथबोनच्या दंडावर सुरीचा खोल वार केला होता आणि तो भळभळा वाहत होता. क्लॅराचे कपडे, हात, तोंड त्या रक्ताने माखलं. मेरी लिंकन रात्रभर तिच्याकडे पाहून हे माझ्या नवऱ्याचं रक्त म्हणून किंकाळ्या फोडत होत्या, आणि ते त्यांचं नव्हतं, असं क्लॅरा लिहिते. राष्ट्राध्यक्षांच्या जखमेतून बाहेर रक्त आलंच नाही, असंही ती ठामपणे म्हणते.

इथे मी लीलच्या बाजूने झुकतो: खांद्यापाशी हात लागला तो त्यांचा, आणि तो वैद्याचा हात होता. क्लॅराचा ठामपणा तिला नंतर ऐकायला मिळालेल्या माहितीवरही आधारलेला असू शकेल. पण मोठ्या मुद्द्यावर दोघांचं एकमत निघतं. त्या बॉक्समध्ये सांडलेलं रक्त बहुतेक सगळं रॅथबोनचं होतं, लिंकनचं फार थोडं. आणि गडद डाग आहे पाठीच्या मधोमध, डोकं टेकायच्या जागी. म्हणजे बरोबर तिथे, जिथे तो असायला हवा हे हॅरीच्या साक्षीतून आपल्याला आधीच कळलेलं आहे.

तेल लावून डोकं टेकणाऱ्या नोकरांना ही खुर्ची इतकी का आवडत होती, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. झुलती खुर्ची बेंजामिन फ्रँकलिनने शोधली असं अमेरिकेत अजून सांगितलं जातं. त्याला कागदाचा आधार नाही. फ्रँकलिनकडे अशी खुर्ची होती याला मात्र आहे, आणि तो मोठा मजेदार आहे. मनासे कटलर नावाचे मॅसॅच्युसेट्सचे पाद्री १७८७च्या जुलैत फिलाडेल्फियाला त्यांना भेटायला गेले. कटलर यांच्या रोजनिशीत एका मोठ्या हाताच्या झुलत्या खुर्चीचं वर्णन आहे. तिच्यावर पंखा बसवलेला, आणि पाय जरासा हलवला की पंखा फिरून वारा घालायचा, माश्या हाकलायचा. वृद्ध फ्रँकलिन त्यात बसून वाचत. बाहेर पंखा ओढणारा पोऱ्या ठेवायची गरजच नाही.

पण त्याआधी १३ वर्षं, १७७४ साली, त्याच फिलाडेल्फियातल्या विल्यम सेव्हरी या खुर्ची घडवणाऱ्या कारागिराने एक बिल केलं होतं: झुलत्या खुर्चीची बैठक विणून दिली, १ शिलिंग ६ पेन्स. झुलत्या खुर्चीचे जे अगदी जुने कागद सांगितले जातात त्यात हे येतं. मला त्यातली एक गोष्ट नेहमी बोलकी वाटते. ते खुर्ची विकल्याचं बिल नाही. बैठक घालून दिल्याचं आहे. म्हणजे खुर्ची वापरून झिजली असेल, किंवा नवी करून विणायला दिली असेल; पण कारागीर आणि गिऱ्हाईक दोघांनाही ती काय वस्तू आहे हे समजावून सांगावं लागलं नव्हतं. शोध लावणारा शोधायला जाऊ नये, इतकी ती तोवर सवयीची झाली होती. त्यातून पाळण्याला खाली वाकड्या पट्ट्या असतातच. त्या खुर्चीला लावायला फार मोठी प्रतिभा लागत नाही.

आणि लोक लावतही होते. घरात असलेल्या साध्या खुर्चीचे पाय थोडे कापायचे, त्यांत खाचा पाडायच्या आणि पट्ट्या ठोकायच्या. जुन्या झुलत्या खुर्च्या विकत घेणारे जाणकार आधी खुर्ची उलटी का करतात ते यामुळे. मुळापासून झुलती म्हणून घडवली असेल तर पट्टी बसते तिथे पाय जाड राखलेला असतो. नंतर केली असेल तर पाय बुटका, आणि पायांना जोडणारी आडवी दांडी जमिनीच्या फार जवळ आलेली. हातावरची झीज खरी असेल तर ती जिथे तळवा येतो तिथेच असते. कानशीने केलेली झीज सगळीकडे सारखी असते. शेकर पंथीयांनी तर अस्सल-नक्कल ओळखण्याची अडचण आपल्या परीने सोडवली. १८७०च्या दशकात माउंट लेबननच्या त्यांच्या कारखान्यातून झुलत्या खुर्च्या ० ते ७ अशा क्रमांकांच्या मापांत निघत, छापील सूचीवरून मागवता येत, आणि नकला होऊ लागल्या म्हणून त्यांवर सोनेरी छाप चिकटवलेला असे. जगापासून दूर राहणाऱ्या पंथाला आपला शिक्का राखावा लागला, ही त्या मालाच्या खपाची पावतीच.

परदेशी माणसाला हा अमेरिकी शौक विचित्र वाटे. हॅरिएट मार्टिनो ही इंग्रज लेखिका १८३० च्या दशकात अमेरिका हिंडली. स्टॉकब्रिजहून ऑल्बनीकडे जाताना एका खानावळीच्या छोट्या बैठकीत तिने पाहिलं की सगळ्या बायका झुलत्या खुर्च्यांत, प्रत्येकीची दिशा वेगळी, वेग वेगळा. तिला भोवळ यायची वेळ आली, आणि हा आळशी, बेढब प्रकार इतका पसरला कसा याचं तिला नवल वाटलं. मार्टिनोबाईंचा वैताग इतिहासाच्या कामाचा आहे. खानावळीत, थिएटरच्या बैठकीत, म्हणजे चारचौघांत झुलणं अमेरिकेत कोणाला खटकत नव्हतं हे त्यावरून कळतं. म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या बॉक्समध्ये झुलती खुर्ची ठेवण्यात हॅरीला काही वावगं वाटलं नाही, आणि सहा फूट चार इंच उंचीच्या पाहुण्याला इतकी उंच पाठ असलेली दुसरी खुर्ची त्या संचात मिळणंही अवघडच होतं. हे शेवटचं अनुमान माझं. हॅरीने कारण दिलं ते संचाचंच.

खुनानंतर सरकारने खुर्ची ताब्यात घेतली. काही काळ ती युद्धखात्याकडे होती, पुढे स्मिथसोनियन संस्थेकडे गेली आणि तिथे कोठारात पडून राहिली. १९२९ साली हॅरी फोर्डची विधवा ब्लँच चॅपमन फोर्ड यांनी ती परत मागितली: खुर्ची माझ्या नवऱ्याची, सरकारने पुरावा म्हणून नेली, आता द्या. सरकारने दिली. खटल्याच्या कागदांवरून पाहता हा हक्क मला तितकासा निर्विवाद दिसत नाही. हॅरीने स्वतः शपथेवर सांगितलं होतं की खुर्ची थिएटरच्या बैठकीतल्या संचाची. तो ती आपल्या खोलीत घेऊन गेला तो डागामुळे. थिएटर भावाचं, संच थिएटरचा. पण ६४ वर्षांनी दुसरं कोणी दावा सांगायला उभं नव्हतं.

ब्लँचबाईंनी ती लगेच विकायला काढली. १७ डिसेंबर १९२९, न्यूयॉर्कची अँडरसन गॅलरी. शेअर बाजार कोसळून दोन महिनेही झाले नव्हते. बोली लावली बोस्टनचे जुन्या फर्निचरचे नामांकित व्यापारी इस्रायल सॅक यांनी, हेन्री फोर्डच्या वतीने, आणि ती २,४०० डॉलरवर थांबली. सॅक यांच्यासारख्या व्यापाऱ्याचं नाव घडणीच्या पारखीवर झालं होतं: कोणत्या गावचा कारागीर, कोणता सांधा, मूळ रंग किती उरला. इथे त्यातलं काहीच विचारायचं नव्हतं. लाकूड चांगलं, काम चांगलं, पण अशा खुर्च्या त्या काळी घरोघर होत्या. किंमत होती ती एका रात्रीची, आणि त्या रात्रीची खुर्ची ती हीच, हे सांगणाऱ्या कागदांची. १९९६ मध्ये सोदबीजच्या लिलावात जॉन केनेडींची एक साधी झुलती खुर्ची ४,५३,५०० डॉलरला गेली, तेव्हा अंदाज फक्त ३,००० ते ५,००० डॉलरचा होता. तिथेही लाकडाचा भाव कोणी विचारला नसणार.

फोर्डने डिअरबॉर्नमध्ये जुन्या इमारती उचलून आणून एक गाव वसवलं होतं. त्यात इलिनॉय राज्यातलं ते छोटं न्यायालयही होतं जिथे वकील लिंकन खटले चालवत. खुर्ची त्याने तिथेच नेऊन ठेवली. तिचा इलिनॉयशी काही संबंध नव्हता, आणि त्या न्यायालयात लिंकन असल्या खुर्चीत कधी बसले असतील याला आधार नाही. पण लिंकनची वस्तू लिंकनच्या वास्तूत, एवढं फोर्डला पुरेसं होतं. पुढच्या व्यवस्थापकांना ते पुरेसं वाटलं नाही. त्यांनी ती काढून मुख्य संग्रहालयात आणली. वॉशिंग्टनला फोर्ड थिएटरच्या बॉक्समध्ये त्या रात्रीचा सोफा अजून आहे, मूळचा; त्याच्या शेजारची झुलती खुर्ची मात्र नक्कल आहे.